तिथी घरात, साल दप्तरात

पितृपंधरवडा आला की आपल्याकडे घरोघर एक गोष्ट बिनचूक सांगितली जाते. आजोबांची पंचमी, पणजीची अविधवा नवमी. पण आजोबा कोणत्या साली गेले, असे विचारले तर घरातील वडीलधारी मंडळी एकमेकांकडे पाहू लागतात. ‘प्लेगात’, ‘मानमोडीच्या साथीत’, ‘रझाकारीच्या आधी’ अशी उत्तरे येतात. मुसलमान बांधवांच्या घरीही बरसी चांद्र तारखेने पाळली जाते व सन विसरला जातो. याच नांदेडात १७०८ च्या ऑक्टोबरात गुरु गोविंदसिंगांनी देह ठेवला, हे सर्व जग जाणते. आपल्या खापरपणजोबांचे साल मात्र आपण जाणत नाही.

कचेरीतले पुस्तक नेमके उलट आहे. तेथे गाव व साल सांगितल्यावाचून पान उघडत नाही. म्हणून ज्यास आपल्या घराण्याचा इतिहास लिहावयाचा आहे, त्याने प्रथम साल गाठले पाहिजे. आम्ही यास एक सोपी वाट सांगतो. माणूस मेला की जमिनीस वारस लागतो. तलाठ्याकडील वारसाची नोंद व फेरफार, त्याहून जुन्या काळी विरासतीचे कागद, यांत मृत्यूचा उल्लेख बहुधा सापडतो. समजा, वारसाचा फेरफार १९५३ च्या मे महिन्यातला आहे आणि घरची तिथी पौष वद्य पंचमी. मरणानंतर वारसाची नोंद लवकरच झाली असेल, तर त्या वर्षाचे पंचांग उघडावे. तारीख जानेवारी १९५३ च्या पहिल्या आठवड्यात येते. मग गाव नमुना चौदा, म्हणजे गावाची जन्ममृत्यूची नोंदवही, मागावी. ‘कोतवाल बुक’ म्हणतात ते हेच.

निजामी अमदानीतील कागद हाती आला तर दोन अडचणी उभ्या राहतात. लिपी उर्दू, क्वचित मोडी. आणि सन फसली. हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरच्या आरंभी सुरू होई. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या नोंदीस ५९० व पुढील महिन्यांस ५९१ मिळवावे, म्हणजे इसवी सन येतो. पोलीस कारवाई झाली तो सप्टेंबर १९४८ हा १३५७ फसलीचा शेवट होय. एका वर्षाची ही चूक केल्यामुळे नोंद असूनही ‘नाही’ म्हणून परतलेले लोक आम्ही पाहिले आहेत.

तिसरी अडचण सरहद्दींची, आणि तीच मोठी. लातूर जिल्हा ऑगस्ट १९८२ मध्ये झाला. त्यापूर्वी लातूर उस्मानाबादेत, आजच्या धाराशिवात, मोडत असे. उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते. किनवट आदिलाबादेत होते. उलट देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल आणि मुधोळकडील भैंसा ही मंडळे नांदेडातून निघून आंध्रात गेली व आज ती तेलंगणात आहेत. म्हणजे उदगीरच्या एकाच घराण्यातील आजोबा बिदर जिल्ह्यात, वडील उस्मानाबाद जिल्ह्यात आणि मुलगा लातूर जिल्ह्यात वारलेला असू शकतो, आणि तिघांनीही वाडा सोडलेला नसतो! शोध करणाऱ्याने मृत्यूच्या वेळचा जिल्हा आधी ठरवावा.

अर्जाचे म्हणाल तर ते सोपे आहे. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्याच्या सतराव्या कलमानुसार कोणासही फी भरून नोंद शोधवून घेता येते व उतारा मागता येतो. मरणाचे कारण मात्र उताऱ्यात देत नाहीत. गावी ग्रामपंचायतीत, शहरात नगरपालिका किंवा महानगरपालिकेत अर्ज करावा. जुन्या वह्यांसाठी तहसिलीचे अभिलेख दालन. नोंद नसल्यास अनुपलब्धतेचा दाखला लेखी घ्यावा. २०२३ साली न्या. संदीप शिंदे समिती कुणबी नोंदींसाठी या वह्यांपर्यंत गेली, तेव्हा कित्येकांस प्रथमच कळले की आपल्या गावची अशी काही वही असते. जातीच्या दाखल्यासाठी का होईना, धूळ झटकली गेली.

पण सगळेच मेलेले वहीत नाहीत, हे सांगितल्याशिवाय आम्हांस पुढे जाता येत नाही. १९४७-४८ मध्ये रझाकारांनी मारलेल्या माणसांची नोंद लिहिणार कोण, जेव्हा गावेच ओस पडली होती? आणि कारवाईनंतर जे घडले त्याचीही तीच गत. पंडित सुंदरलाल समितीने १९४८ च्या अखेरीस संस्थानात फिरून जो अहवाल दिला, त्यात कारवाईच्या वेळी व नंतर किमान २७ ते ४० हजार लोक मृत्यू पावल्याचा अंदाज आहे. सर्वाधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद व नांदेड ही दोन नावे आहेत, लातूर शहराचाही उल्लेख आहे. अहवाल लोकांस वाचावयास मिळाला तो २०१३ च्या सुमारास. पासष्ट वर्षे! ज्यांच्या घरातील माणूस त्या दिवसांत गेला, त्यांनी वहीत कोरे पान आढळले म्हणून घरची आठवण खोटी मानू नये. म्हाताऱ्यांकडून नाव, गाव, ऋतू व सांगणाऱ्याचे नाते लिहून घ्यावे आणि लिहून घेतल्याची तारीख खाली घालावी.

किल्लारीकडे मात्र तिथी आणि तारीख दोन्ही सर्वांना पाठ आहेत. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपले होते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे. तेथे गावेच्या गावे आपल्या माणसांचे स्मरण एकाच दिवशी करतात.