माळवदाची घरे

धाराशिव जिल्ह्यातील जुनी घरे ऊन आणि अवर्षण गृहीत धरूनच बांधलेली असत. दगडमातीच्या रुंद भिंती, लाकडी खांब-तुळया, वर फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, असे हे माळवद. वैशाखातही आतली खोली गार राही. मृगापूर्वी छतावरचे गवत उपटून नवी माती चोपावी लागे. हयगय झाली की घर गळे. दुष्काळाची तजवीज जमिनीखाली, ज्वारी साठवलेल्या पेवात. मात्र वर्षानुवर्षांच्या मातीच्या भरीने छते जड होत गेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात जिल्ह्यातल्या सास्तूर परिसरातील अशी घरे कोसळली. उन्हापासून राखणारी मातीच जिवावर बेतली. पुनर्वसनात काँक्रीट आले, भीतीपोटी अनेकांनी पत्रा पसंत केला. उन्हाळ्यात तो चांगलाच तापतो.