त्रिरश्मी पर्वत आणि काळारामाचे द्वार

धर्माधर्मांची तुलना करण्याची एक रूढ रीत आहे. निरनिराळ्या धर्मांचे ग्रंथ शेजारी शेजारी मांडावयाचे, ईश्वर, आत्मा, परलोक व मोक्ष यांविषयी प्रत्येकाचे म्हणणे काय ते टिपून घ्यावयाचे, आणि अखेरीस सर्वांचे सार एकच असा गोड निर्णय देऊन मोकळे व्हावयाचे. या रीतीने श्रोत्यांचे समाधान होते, परंतु त्यांच्या ज्ञानात फारशी भर पडत नाही. कारण सर्वांचे सार एक नाही. बौद्ध मत सृष्टिकर्ता ईश्वर मानीत नाही आणि नित्य आत्माही मानीत नाही. जैन मत आत्मा मानते, कर्ता मानीत नाही. इस्लामाचा सारा पाया ईश्वराच्या एकत्वावर उभा आहे. हे भेद खरे आहेत व ते झाकण्यात काही लाभ नाही. तथापि सामान्य मनुष्याला धर्म भेटतो तो सिद्धान्ताच्या रूपाने क्वचितच. तो भेटतो दानाच्या, व्रताच्या, पंगतीच्या आणि देवळाच्या उंबरठ्याच्या रूपाने. धर्म कोणाकडून घेतो, कोणास देतो आणि कोणाला दाराबाहेर उभे करतो, एवढे पाहिले तरी पुष्कळ उलगडा होतो. असे पाहण्यास नाशिक शहर व त्याभोवतालचा आठ-दहा कोसांचा टापू यांच्याइतकी सोयीची भूमी महाराष्ट्रात दुसरी क्वचितच सापडेल.

शहराच्या नैर्ऋत्येस त्रिरश्मी डोंगर आहे. लोक त्याच्या पोटातील चोवीस लेण्यांना पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा त्यांच्याशी संबंध नाही. ती बौद्ध भिक्षूंच्या वर्षावासाकरिता कोरलेली आहेत. यांतील दहावे लेणे उषवदात नावाच्या पुरुषाने खोदविले. हा दीनिकाचा पुत्र आणि क्षहरात राजा नहपान याचा जावई. म्हणजे वंशाने शक, परकी. काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाचा. त्याच्या लेण्याच्या ओवरीत छताखाली मागल्या भिंतीवर जो लेख आहे, तो धर्मांच्या तुलनेचा एक स्वतंत्र ग्रंथच मानावा लागेल.

लेखाचा पहिला भाग वाचणारास वाटावे की हा कोणी कट्टर वैदिक यजमान आहे. तीन लक्ष गाई दिल्या, देवब्राह्मणांना सोळा गावे दिली, प्रतिवर्षी लक्ष ब्राह्मणांना भोजन घातले, प्रभास तीर्थी ब्राह्मणांचे विवाह लावून दिले, भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक येथे धर्मशाळा बांधल्या, तापी, पारदा, दमणा, डाहाणुका इत्यादी नद्यांवर फुकट तरी ठेवल्या, असे तो सांगतो. इतके सांगून झाल्यावर तोच पुरुष म्हणतो की गोवर्धनातील त्रिरश्मी पर्वतावर हे लेणे आपण करविले. आणि कोणासाठी, तर चारी दिशांहून येणाऱ्या भिक्षुसंघासाठी. त्याचे मन द्विधा झाल्याचे कोठेही दिसत नाही.

पण दोन्ही दानांची घडण निराळी आहे व ती लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. ब्राह्मणी दानात देश, काल व पात्र यांना महत्त्व असते: तीर्थ कोणते, पर्वकाळ कोणता, घेणारा कुलशीलाने व विद्येने योग्य आहे की नाही. ते दान व्यक्तीच्या हाती पडते. भिक्षूला मात्र सोने-रुपे स्पर्शण्याचीच मनाई. तेव्हा उषवदाताने तीन हजार कार्षापणांची कायमची ठेव केली, ती भिक्षूंच्या हाती न देता गोवर्धनातील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे. एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मूळ रक्कम परत मागावयाची नाही, केवळ वाढ भोगावयाची. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस होते; आणि लेखात म्हटले आहे की लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावेत. विसाला बाराने गुणले की हिशेब कवडीपर्यंत जुळतो! संसाराचा त्याग केलेल्या मनुष्याच्या अंगावरचे वस्त्र संसारी कोष्ट्याच्या मागावर अवलंबून आहे, हे त्या काळच्या लोकांनी न लाजता दगडावर कोरून ठेवले, व हा व्यवहार निगमसभेत नोंदविला. याच उषवदाताने भिक्षूंच्या अन्नासाठी एक शेत चार हजार कार्षापणांना विकत घेऊन दिले; शेत विकणारा अश्विभूती नावाचा ब्राह्मण होता. लेण्यात राहणाऱ्या सर्व भिक्षूंस, भेद न करता, त्यातून अन्न मिळावे अशी अट आहे.

पुढे शकांचा पराभव करून सातवाहनांनी हा प्रदेश परत घेतला. तिसरे लेणे गौतमी बलश्री या राजमातेचे. नातू पुळुमावी याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी तिने ते भद्रायणीय शाखेच्या भिक्षूंना दिले, आणि लेखात आपला मृत पुत्र गौतमीपुत्र याची स्तुती केली. त्या स्तुतीत तो अद्वितीय ब्राह्मण होता असे आहे, व त्याने चातुर्वर्ण्याचा संकर थांबविला असेही आहे. जन्मावरून श्रेष्ठत्व ठरत नाही असे ज्यांच्या शास्त्याने शिकविले, त्यांच्याच विहाराच्या भिंतीवर वर्णसंकर रोखल्याची ही बढाई! भिक्षूंनी लेणे स्वीकारले. लेखातील ओळी पुसून टाकण्याचे त्यांना सुचले नाही. आश्रयदात्यापुढे सिद्धान्ताने मान तुकवावी याचे हे फार जुने उदाहरण होय, आणि ते एकट्या बौद्ध धर्माचे नव्हे.

दानपत्रांतील नावे पाहिली म्हणजे संघाचे दार किती विस्तृत होते ते कळते. सतराव्या लेण्याचा दाता इंद्राग्निदत्त हा उत्तरेकडील दत्तामित्री नगरीचा यवन, म्हणजे ग्रीक वंशाचा. आभीर राजा ईश्वरसेन याच्या वेळी विष्णुदत्ता नामक एका शक उपासिकेने निरनिराळ्या धंद्यांच्या श्रेणींत ठेवी ठेवल्या. त्यांत तेल्यांची श्रेणीही आहे. त्यांच्या व्याजातून संघातील आजारी भिक्षूंना औषध मिळावयाचे होते. यवन, शक, आभीर, राणी व तेली हे सर्व एका डोंगरावर भेटतात. परंतु हे दार सर्वांस उघडे होते असे मात्र म्हणता येणार नाही. विनयाच्या नियमांनुसार दासाला, ऋणकोला व राजाच्या चाकरीतील सैनिकाला प्रव्रज्या देता येत नसे. भिक्षुणींवर तर आठ जादा नियमांचा भार होता. धनकोचे व धन्याचे हक्क संघानेही मोडले नाहीत.

शहराच्या उत्तरेस म्हसरूळजवळ चामर लेणी आहेत. त्या डोंगरास जैन लोक गजपंथा म्हणतात, आणि सात बलभद्र येथून मोक्षास गेले अशी दिगंबरांची श्रद्धा आहे. त्रिरश्मीवरील अकराव्या लेण्यातही उत्तरकाळी जैन मूर्ती कोरल्या गेल्या. बौद्ध भिक्षू गेले, ओस जागा दुसऱ्या श्रमणांनी वापरली. अंजनेरीस यादवांच्या काळातील, शके १०६३ चा, चंद्रप्रभ तीर्थंकराच्या मंदिराचा लेख आहे. बौद्धाने देहदंड व भोग यांमधला मार्ग धरला. जैनाने तपाची कसोटी ढिली होऊ दिली नाही. आहार, औषध, शास्त्र व अभय अशी चार दाने जैन गृहस्थास सांगितलेली आहेत, आणि अभयदान त्यांत किड्यामुंगीपर्यंत पोहोचते.

मुसलमानी अमलात नाशिकला गुलशनाबाद हे नाव पडले. पेशवाईत जुने नाव पुन्हा रूढ झाले. जुन्या नाशकात सादिकशाह हुसैनी यांचा दर्गा आहे. इस्लामात दान हे इच्छेवर सोडलेले नाही; सांपत्तिक पात्रता असणाऱ्याने वर्षभर शिल्लक राहिलेल्या द्रव्याचा चाळिसावा हिस्सा जकात म्हणून द्यावयाचा, व तो कोणास द्यावयाचा हेही ठरलेले. उषवदाताचे शेकडा एक व्याज मात्र तेथे चालले नसते. व्याज हे निषिद्धच. म्हणून कायमच्या धर्मादायासाठी वक्फाची युक्ती निघाली: मिळकत ईश्वरार्थ बांधून ठेवावयाची आणि तिचे भाडे किंवा पीक कार्यास लावावयाचे. मूळ अक्षय राखून वाढ भोगावयाची ही अक्षयनीवीची कल्पना येथे दुसऱ्या वाटेने आली आहे. मशिदीत एका ओळीत उभे राहून नमाज पढणे हा समतेचा मोठाच धडा होय. तथापि विवाहाच्या वेळी बिरादरीची चौकशी मुसलमान समाजातही होते, आणि दर्ग्यावर चादर चढविणे योग्य की अयोग्य यावर त्यांच्यातच वाद आहे.

ख्रिस्ती धर्माचे नाशकातील ठिकाण म्हणजे शरणपूर. १८५४ साली चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी ही वसाहत उभी केली. हिंदी महासागरात गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेली आफ्रिकी मुले येथे आणून त्यांना अक्षरे व हुन्नर शिकवीत. त्यांपैकी जेकब वेनराइट हा लिव्हिंग्स्टनचे शव घेऊन विलायतेस गेला व १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतील अंत्यविधीस हजर होता. नाशकात शिकलेल्या गुलामपुत्राने राजांच्या स्मशानमंदिरात उभे राहावे, ही गोष्ट लहान नव्हे. ख्रिस्ती मतात मनुष्य स्वतःच्या पुण्याने तरत नाही, ईश्वराच्या कृपेने तरतो. यामुळे दान हे मोक्षाचे मूल्य न राहता कृतज्ञतेचे चिन्ह ठरते. पण देशी ख्रिस्ती मंडळ्यांतून जातीची कुजबुज पूर्णपणे गेली असे त्यांचे स्वतःचे इतिहासकारही म्हणत नाहीत.

मत बदलणे आणि आचार बदलणे या दोन गोष्टी वेगळ्या कशा, याची साक्ष नाशिकजवळच्या जलालपूर येथे जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी दिली आहे. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घेण्याइतके कडक सोवळे पाळणाऱ्या वडिलांच्या घरी त्या वाढल्या. पती नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई पुढे पाच वर्षांनी. त्या मधल्या काळात त्यांच्या मनातून प्रथम सुटले ते सोवळे, व श्रद्धा नंतर पालटली. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला हा क्रम विसरता येत नाही.

आता पंचवटीकडे वळू. रामकुंड, काळाराम, त्र्यंबकेश्वर, निवृत्तिनाथांची समाधी, सिंहस्थात शैव आखाडे त्र्यंबकास व वैष्णव आखाडे नाशकास, हे सर्व श्रोत्यांच्या परिचयाचे आहे. एका धर्मात इतकी दैवते, इतके मार्ग व इतके ग्रंथ निर्वैरपणे नांदावेत, हे जगाच्या इतिहासात दुर्मिळ आहे. सर्वांभूती एकच चैतन्य आहे, याहून अधिक उदार सिद्धान्त कोणत्या धर्माने मांडला? आणि तरी १९३० पर्यंत काळारामाच्या द्वारातून अस्पृश्य हिंदू आत जाऊ शकत नव्हता.

२ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व नाशिकचे भाऊराव गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्यांची मिरवणूक मंदिरावर आली. देवळाची दारे बंद करण्यात आली. दुसऱ्या दिवशी सव्वाशे पुरुष व पंचवीस स्त्रिया अशी सत्याग्रह्यांची पहिली तुकडी चारही दारांशी बसली. ९ एप्रिल रोजी, रथोत्सवाच्या दिवशी, रथ स्पृश्यास्पृश्यांनी मिळून ओढावा अशी तडजोड ठरली होती; ती पाळली गेली नाही, रथ पळविण्यात आला आणि दगडांचा वर्षाव झाला. सत्याग्रह थांबत, चालत पाच वर्षे टिकला. द्वार उघडले नाही.

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातील येवले येथे परिषद भरली. तेथे आंबेडकरांनी जाहीर केले की हिंदू म्हणून जन्मणे आपल्या हाती नव्हते, पण हिंदू म्हणून आपण मरणार नाही. त्या दिवसापासून महाराष्ट्रात धर्मांची तुलना हा विद्वानांच्या करमणुकीचा विषय राहिला नाही. शीख, मुसलमान, ख्रिस्ती व बौद्ध या सर्वांकडून निमंत्रणे आली. घराघरांत प्रश्न उभा राहिला की या धर्मात जाऊन मुलांना काय मिळेल, गावची विहीर मिळेल काय, मेल्यावर खांद्यावर कोण घेईल. असल्या प्रश्नांना कोणी ऐहिक म्हणून हिणवतात. ज्यांना ती विहीर जन्मतः मिळाली आहे त्यांनाच असे हिणवणे परवडते.

आंबेडकरांनी निर्णयास एकवीस वर्षे घेतली. १९५० मध्ये महाबोधी सोसायटीच्या मासिकात लिहिलेल्या निबंधात त्यांनी आपल्या कसोट्या मांडल्या: धर्म बुद्धीला पटणारा असावा, त्याने स्वातंत्र्य, समता व बंधुता मान्य करावी, आणि दारिद्र्याला पवित्र ठरवू नये. संस्थापकांचीही त्यांनी तुलना केली. येशूने स्वतःस ईश्वरपुत्र म्हटले, महंमदाने ईश्वराचा अखेरचा दूत म्हटले, कृष्ण तर परमेश्वरच. बुद्ध मात्र आपण मार्ग दाखविणारा आहो, मोक्ष देणारा नाही, एवढेच म्हणाला. ही तुलना निःपक्षपाती आहे काय, असे विचारणारे तेव्हाही होते. ती निवाड्याकरिता केलेली तुलना होती, व तिच्यामागे देवळाच्या पायरीवर बसून काढलेली पाच वर्षे होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी लक्षावधी अनुयायांसह बुद्धाला शरण जाऊन दीक्षा घेतली. काळारामाच्या सत्याग्रहाचे सेनानी गायकवाडही पुढे त्याच मार्गाने गेले. त्याआधी १९४७ च्या मुंबई इलाख्याच्या कायद्याने देवळे हरिजनांस खुली झाली होती, आणि १९५० च्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली होती.

त्रिरश्मीच्या लेण्यांत भिक्षूंचा वर्षावास शतकांपूर्वी संपला होता. डोंगर पुराणवस्तू खात्याच्या ताब्यात राहिला, व तेथे जाणारे लोक पांडवांची कथा सांगून परत येत. अलीकडे बुद्धपौर्णिमेस तेथे पांढऱ्या वस्त्रांतील कुटुंबे चढून जातात. त्यांतील पुष्कळांचे आजे काळारामाच्या दारी बसलेले होते. अठराव्या लेण्यातील स्तूपाला ते प्रदक्षिणा घालतात. दहाव्या लेण्याच्या ओवरीत उषवदाताची ब्राह्मी अक्षरे त्यांच्या डोक्यावर असतात, आणि शाळेत जाणारी मुले वडिलांना ती काय आहेत म्हणून विचारतात.