ऑर्गयचा दगड आणि बरणीतलं बी



ज्या अशनीत वितळून गोठलेले बारीक गोल दाणे (कॉन्ड्र्यूल) असतात, तो कॉन्ड्राइट. व्याख्या सोपी आहे. पण कर्बयुक्त कॉन्ड्राइटांच्या ‘सीआय’ गटात हे दाणे जवळजवळ नसतातच! तरी नाव कॉन्ड्राइटच, कारण रसायन जुळतं. हायड्रोजन, हेलियमसारखे वायू वगळले तर या दगडातल्या मूलद्रव्यांचं प्रमाण थेट सूर्याशी मिळतं.

या गटातला सगळ्यात प्रसिद्ध दगड १४ मे १८६४ च्या संध्याकाळी दक्षिण फ्रान्समध्ये ऑर्गय गावाजवळ पडला. (ऑर्गय म्हणजे फ्रेंचमध्ये गर्व.) काळे, ठिसूळ असे वीसेक तुकडे मिळाले. पाण्यात टाकले की त्यांचा चिखल व्हायचा. सूक्ष्मदर्शकाखाली दिसते ती चिकणमातीसारख्या खनिजांची बारीक भुकटी, मधूनमधून मॅग्नेटाइटचे रासबेरीसारखे घोस, आणि भेगांमध्ये पांढऱ्या सल्फेटच्या रेघा. म्हणजे मूळ लघुग्रहावर कधीतरी पाणी खेळलं होतं.

१९५६ मध्ये विक या फिनिश रसायनतज्ज्ञाने पाणी आणि कार्बन मोजून अशा दगडांचे तीन प्रकार पाडले. पहिल्या प्रकारात पाणी सुमारे २० टक्के! १९६७ मध्ये व्हॅन श्मुस आणि वुड यांनी आजची पद्धत घातली. अक्षरं गटाची (सीआय मधला आय टांझानियातल्या इव्हुनाचा, सीएम मधला एम मिगेईचा), आणि आकडा पोत व खनिजांवरून. आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांना इथे हसू येईल. १ ते ६ आकडे ओळीने लावले तेव्हा १ म्हणजे सर्वांत मूळ अवस्थेतला, असा समज होता. पुढे कळलं की सर्वांत कमी बदललेला ३. त्याच्या एका बाजूला २ आणि १ पाण्याने बदललेले, दुसऱ्या बाजूला ४ ते ६ उष्णतेने. पण सगळीकडे रूढ झालेले आकडे आता कोण बदलणार?

आता बरणीची गोष्ट. १९६१ मध्ये क्लाउस आणि नागी यांनी ऑर्गय आणि इव्हुनामध्ये शेवाळासारखे सूक्ष्म आकार दिसल्याचं जाहीर केलं आणि एकच खळबळ उडाली. त्यातले काही नंतर रॅगवीडचे साधे परागकण निघाले. मग मोंतोबांमध्ये १८६४ पासून काचेच्या बंद बरणीत ठेवलेला एक तुकडा तपासला, तर आत लव्हाळ्यासारख्या पाणगवताचं बी आणि दगडी कोळशाचे कण! एडवर्ड अँडर्स आणि सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये दाखवून दिलं की कोणीतरी तुकडा ओला करून हे सारं आत दाबलं होतं आणि वरून गोंद फासला होता. दगड पडण्याच्या महिनाभर आधीच पाश्चरचं ‘निर्जीवातून सजीव उत्पन्न होत नाही’ हे गाजलेलं व्याख्यान झालं होतं. त्या वादात कोणाची तरी फजिती करायचा बेत असावा. पण बिचाऱ्याचा विनोद शंभर वर्षं कोणाच्या लक्षातच आला नाही.

मला जास्त गंमत वाटते ती दुसऱ्या भेसळीची, कारण ती कोणीच केली नव्हती. ते पांढरे सल्फेट पृथ्वीवरच्या दमट हवेनेच कपाटात तयार झाले असावेत, असं गुनेल आणि झोलेन्स्की यांनी २००१ मध्ये मांडलं. ताडून बघणार कसं? सीआय प्रकारचे पडताना पाहिलेले दगड जगात अवघे पाच. त्यातला एक आपल्या राजस्थानात टोंकला १९११ साली पडला, तोही जेमतेम ८ ग्रॅम.

मग डिसेंबर २०२० मध्ये जपानच्या हायाबुसा-२ ने र्‍युगू लघुग्रहावरून ५.४ ग्रॅम माती आणली, हवा लागू न देता. खनिजं आणि पोत थेट ऑर्गयसारखे, तेच मॅग्नेटाइटचे घोस. सल्फेट मात्र नाहीत, आणि पाणीही ऑर्गयपेक्षा बरंच कमी. म्हणजे विकच्या त्या २० टक्क्यांतला बराचसा हिस्सा आपल्याच हवेतला होता.