मालकीचा हक्क दिरंगाईने गमवाल!

सोलापूर : सातबारा आपल्या नावावर आहे, मग जमीन जाईल कुठे, असा निर्धास्तपणा नोकरी-व्यवसायानिमित्त पुण्या-मुंबईत स्थायिक झालेल्या जमीनमालकांत आढळतो. कायद्याने मात्र त्याला मुदत घातली आहे. मुदत कायदा, १९६३ मधील अनुच्छेद ६५ नुसार मालकीहक्काच्या आधारे ताबा परत मागण्याचा दावा १२ वर्षांत दाखल करावा लागतो. शासनासाठी ही मुदत ३० वर्षे आहे. मुदत उलटल्यास कलम २७ नुसार दाव्याबरोबरच मालकीचा हक्कही संपुष्टात येतो.

ही १२ वर्षे मोजायची ती ताबा मालकाच्या हक्काविरुद्ध, म्हणजे 'प्रतिकूल' झाल्या दिवसापासून. असा ताबा उघड, अखंड आणि मालकी सांगणारा असावा लागतो; तो सिद्ध करण्याची जबाबदारी ताबेदारावर असते. भाडेकरू, राखणदार किंवा वाट्याने जमीन कसणारा यांचा ताबा परवानगीचा असल्याने केवळ वर्षे लोटली म्हणून ते मालक होत नाहीत. एका भावाने एकट्याने जमीन कसली, एवढ्याने दुसऱ्याचा हिस्साही बुडत नाही. त्याचा हक्क उघडपणे नाकारल्याचे दाखवावे लागते.

दिरंगाईचा फटका शासनालाही बसला आहे. मुंबईतील क्रॉफर्ड मार्केटची (आताची महात्मा जोतिबा फुले मंडई) जागा १८६५ च्या शासकीय ठरावानुसार पालिकेकडे आली. पण कायदेशीर दस्त झाला नाही. सुमारे सात दशकांनंतर जिल्हाधिकाऱ्यांनी सारा आकारण्याचे ठरवले. तेव्हा शासनासाठी मुदत ६० वर्षांची होती. ती उलटल्याने पालिकेला ही जागा बिनभाड्याने धारण करण्याचा हक्क मिळाला आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये दिला.

२००८ मध्ये याच न्यायालयाने हा कायदा प्रामाणिक मालकावर अन्याय करणारा असल्याचे सांगून फेरविचार सुचवला. २०१९ मध्ये मात्र, अशा ताबेदाराला बचावापुरतेच नव्हे, तर स्वतः दावा लावूनही हक्क मागता येतो, असे तीन न्यायमूर्तींच्या पीठाने स्पष्ट केले. विधी आयोगाने २०२३ च्या २८० व्या अहवालात बदलाची गरज नसल्याचे मत दिले.

त्यामुळे सावधगिरी मालकानेच बाळगायला हवी. सातबाऱ्यावरील पीकपाहणीच्या नोंदी वेळोवेळी तपासाव्यात, जमीन कसायला देताना लेखी करार करावा आणि अतिक्रमण दिसताच वकिलाचा सल्ला घ्यावा. केवळ नोटीस पाठवल्याने मुदत थांबत नाही. त्यासाठी दावाच दाखल करावा लागतो.