धातूवरील अणूंची उधळण

सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरील वळसंगसारख्या गांवांतून अगदीं अलीकडेपर्यंत दुकानोदुकानीं नळीचे दिवे जळत असत. नळीचीं टोंकें आंतून काळीं पडलीं, कीं ती बदलण्याची वेळ झाली हें लहान मुलेंही ओळखीत. हा काळिमा धुराचा नव्हे. नळीच्या टोंकांशीं असलेल्या विद्युदग्रांवरील द्रव्य कांहीं उष्णतेनें आणि कांहीं विद्युद्भारित कणांच्या मारानें उडून कांचेवर जाऊन बसतें. यांपैकीं या माराचा इतिहास मोठा मनोरंजक आहे.

विल्यम ग्रोव्ह हे व्यवसायानें वकील. पुढें ते न्यायाधीशही झाले. १८५२ मध्यें विरळ वायूंतून वीज खेळवितांना ऋणाग्राचा धातु झिजतो, हें त्यांनीं नमूद करून ठेविलें. १८५८ मध्यें जर्मनींत प्लुकर यांना नळीच्या कांचेवर प्लॅटिनमचें पुट आढळलें. बहुतेकांच्या लेखीं ही नळ्या नासविणारी एक ब्याद होती. तिला कामास लावणारे थोडे. येल येथील राइट यांनीं १८७७ मध्यें या रीतीनें कांचेवर धातूचे आरसे चढविले. एडिसन यांनीं मेणाच्या ध्वनिमुद्रिकेवर सोन्याचें असें पातळ पुट दिलें, कीं गाण्याच्या खांचा बुजूं नयेत. सोन्यांतून वीज वाहते, म्हणून त्यावर तांबें चढवून सांचा करतां येई. १९०२ पासून त्यांच्या नळकांडी मुद्रिका अशा सांच्यांतून निघूं लागल्या.

पण धातु उडतो तो कां? ऋणाग्राकडे ओढले जाणारे धनभारित अणु, म्हणजे आयन, त्यावर आदळतात म्हणून, असें गोल्डस्टाइन यांनीं १९०२ मध्यें दाखविलें. येथवर एकमत होतें. पुढें मात्र दोन तट पडले. आयन आदळतो तेथें धातु क्षणभर उकळून त्याची वाफ होते, असें एका पक्षाचें म्हणणें. १९२६ मध्यें फॉन हिपेल यांनीं तें हिरीरीनें मांडलें. दुसऱ्या पक्षाच्या मतें हा केवळ टोल्यावर टोला होता. गंमत अशी, कीं दोन्ही कल्पना श्टार्क यांनींच १९०८-०९ च्या सुमारास पुढें केल्या होत्या. इंग्रजींत या क्रियेचें ‘स्पटरिंग’ हें नांव रूढ झालें. कढईंतलें तेल तडतडून उडावें, तसा त्याचा भाव. म्हणजे नांवापुरता तरी उष्णतेचाच पक्ष जिंकला!

टोल्याच्या पक्षापुढें अडचण अशी, कीं मार आंत जातो, मग अणु उलट बाहेर कसे येतात? कॅरम खेळणाऱ्यास याचें नवल वाटूं नये. सोंगट्यांच्या घोळक्यावर स्ट्रायकर बसला, कीं एकमेकींवर आपटतां आपटतां एखादी सोंगटी मारणाऱ्याकडेच परत येते. परंतु उपमा म्हणजे पुरावा नव्हे. तो १९५५ च्या सुमारास वेनर यांनीं दिला. एकसंध स्फटिकाच्या धातूवर त्यांनीं आयनांचा मारा केला, तेव्हां उडालेले अणु समोरच्या पृष्ठावर सारखे न पसरतां ठराविक जागीं ठिपक्यांनीं जमले; आणि ते ठिपके स्फटिकांतील अणूंच्या दाट ओळींच्या दिशेस होते. वाफ झालेल्या धातूला आपल्या ओळींची आठवण राहणें शक्य नाहीं.

१९६९ मध्यें डेन्मार्कच्या सिग्मुंड यांनीं या टोल्यांच्या परंपरेचें गणितच बसविलें. ५०० व्होल्टांनीं धांवणारा आर्गॉनचा एक आयन तांब्यावर पडला, तर सरासरी दोन-अडीच अणु उडतात, आणि ते बहुतेक अगदीं वरच्या एकदोन थरांतलेच असतात. तथापि उष्णतेचा पक्ष सर्वस्वीं खोटा ठरला नाहीं. जड आयन सोन्यासारख्या धातूवर आदळला, तर तेथें क्षणमात्र वितळल्यासारखी अवस्था होते.

सर्वांत चमत्कारिक गोष्ट अणुपुंजांची. १९५८ मध्यें होनिग यांना उडालेल्या द्रव्यांत सुट्या अणूंबरोबर अणूंच्या जोड्याही आढळल्या. पुढें कितीतरी मोठे पुंज सांपडले. पुंज जितका मोठा, तितका तो विरळा. इतक्या धुमश्चक्रींत शेजारी शेजारी असलेले अणु एकमेकांस धरून कसे निघतात? एकाच वेळीं एकाच दिशेनें ढकलले गेल्यास तें घडूं शकतें, हें एक उत्तर. तें लहान पुंजांना लागू पडतें, मोठ्यांना अपुरें. शिवाय हे पुंज इतके तापलेले निघतात, कीं मोजणाऱ्या यंत्रापर्यंत पोंचण्यापूर्वींच त्यांपैकीं पुष्कळसे वाटेंत फुटतात.