एका ओळीतली चाकं

एका ओळीत चार चाकं बसवलेले बूट घालून सोसायटीच्या आवारात भरधाव जाणारी मुलं दिसली, की हे नवीनच फॅड आहे, असं आपण सहज म्हणून जातो. मला त्या ‘नवीन’ शब्दाची गंमत वाटते. कारण एका ओळीतल्या चाकांची कल्पना, पुढे दोन आणि मागे दोन चाकं असलेल्या परिचित स्केट्सपेक्षाही जुनी आहे.

या इतिहासाच्या सुरुवातीलाच एक फजिती आहे. जॉन जोसेफ मर्लिन हा आजच्या बेल्जियममध्ये जन्मलेला कारागीर लंडनमध्ये वाद्यं आणि यंत्रं बनवण्यासाठी प्रसिद्ध होता. १७६० च्या दशकात एका समारंभात तो चाकांचे बूट घालून, व्हायोलिन वाजवत अवतरला. वेग आला, पण वळता येईना, थांबताही येईना. स्वारी थेट भल्यामोठ्या आरशावर आदळली. आरसा फुटला, व्हायोलिन मोडलं आणि मर्लिन जबर जखमी झाला. पुढे छापला गेलेला हा किस्सा थोडा रंगवलेला असेलही. पण वळायचं कसं आणि थांबायचं कसं, ही खरी अडचण त्यात आलीच आहे.

बर्फावरच्या स्केटला खाली पातं असतं. त्या पात्याच्या जागी चाकं लावायची, म्हणून ती साहजिकच एका ओळीत आली. १८१९ मध्ये पॅरिसच्या पेतिब्लेदने तीन चाकांच्या, तर १८२३ मध्ये लंडनच्या रॉबर्ट जॉन टायर्सने पाच चाकांच्या स्केटचं पेटंट घेतलं. सरळ जायला ते ठीक होते, वळताना मात्र पंचाईत.

ही पंचाईत न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्टनने १८६३ मध्ये सोडवली. त्याने चाकांच्या दोन जोड्या केल्या आणि त्यांच्यावर रबराची गादी बसवली. शरीर ज्या बाजूला कलेल, त्या बाजूला चाकं वळू लागली. नवशिक्यांनाही जमेल अशी ही सोय! ठिकठिकाणी स्केटिंगचे हॉल निघाले आणि एका ओळीतली चाकं मागे पडली.

त्यांचं पुनरागमन झालं ते अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात. स्कॉट आणि ब्रेनन ओल्सन हे भाऊ आइस हॉकी खेळायचे. उन्हाळ्यात सराव कसा करायचा, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. १९८० च्या सुमारास खेळाच्या सामानाच्या एका दुकानात त्यांना एका ओळीतल्या चाकांचा जुना स्केट सापडला. त्यांनी त्याला हॉकीचा बूट, रस्त्यावर पकड घेणारी पॉलियुरेथेनची चाकं आणि टाचेला रबरी ब्रेक लावला. त्यांच्या ‘रोलरब्लेड’चं नाव पुढे या बुटांनाच चिकटलं, आपल्याकडे ‘झेरॉक्स’ चिकटलं तसंच. १९९० च्या दशकात लाखो लोक हे बूट घालून रस्त्यावर उतरले.

आता भारतीयही यात मागे नाहीत. २०२३ मध्ये हांगझोऊला झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत आपल्या पुरुष आणि महिला संघांनी तीन हजार मीटर रिलेत कांस्यपदकं मिळवली. पुरुष संघातल्या आनंदकुमार वेलकुमारने २०२५ मध्ये चीनमध्ये जागतिक विजेतेपदही पटकावलं.

म्हणजे कल्पना जुनीच होती. तिला साजेसं रबर, प्लास्टिक आणि गरज मिळायला दीडशेहून अधिक वर्षं लागली. तेव्हा मुलांना हे बूट जरूर घेऊन द्या, सोबत हेल्मेट आणि गुडघ्यांचे पॅडही घ्या. आणि त्यांना धावण्याआधी थांबायला शिकवा. मर्लिनला तेवढंच जमलं नव्हतं.