द्राक्षवेलीचा दख्खनी हिवाळा

वेल तीच असली, तरी भूमी पालटली की तिच्या मद्याची चव पालटते. फ्रान्समधील शॅम्पेन प्रांतात जमीन खडूची आणि उन्हाळा सौम्य. तेथील द्राक्षाचा आंबटपणा टिकून राहतो व त्यावरच तेथील फेसाळ मद्याची कीर्ती उभी आहे. जर्मनीत मोझेल नदीच्या उभ्या चढणींवरील काळी पाटी दिवसभराचे ऊन साठविते आणि रात्री वेलीला ऊब देते. बोर्दोच्या गोटेमिश्रित जमिनीत पाण्याचा निचरा चटकन होतो. तिन्ही ठिकाणी एक गोष्ट मात्र समान आहे : हिवाळ्यात वेल झोपी जाते.

ही झोप दक्षिणेत कोठून मिळावी? चेन्नईजवळच्या सिरुसेरीच्या दमट हवेत खरा हिवाळा असा नाहीच. त्याच तमिळनाडूतील कंबम खोऱ्यात पन्नीर द्राक्ष वर्षभर पिकते. 2023 साली त्याला भौगोलिक मानांकनही लाभले. नाशिकच्या बागाईतदाराने दुसरी वाट धरली. निसर्गाने न दिलेला ऋतू तो कात्रीने घडवितो. एप्रिलच्या खरड छाटणीने वेलीवर नव्या काड्या येतात. पावसाळा सरता गोडी छाटणी होते आणि फळ धरते. युरोपात तोडणी सप्टेंबरच्या सुमारास होते, तर येथे मुख्यतः जानेवारी ते मार्च या काळात. सुमारे 600 मीटर उंचीच्या या पठारावर त्या दिवसांत ऊन स्वच्छ व रात्री गार असतात. उन्हाने साखर भरते. गारव्याने आंबटपणा राखला जातो. भारी काळी माती पाणी फार धरते, म्हणून निचऱ्याची मुरमाड जमीन या द्राक्षांना अधिक मानवते.

महाराष्ट्रातील आधुनिक मद्यनिर्मितीचा इतिहास या भूगोलाच्या आधारानेच घडला. 1980 नंतरच्या दशकात पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे फेसाळ मद्य तयार होऊ लागले. 1999 साली नाशिकजवळ सुला ही संस्था उभी राहिली, आणि 2001 मध्ये राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले.

तथापि कात्रीची सत्ता मर्यादित आहे. छाटणीनंतर पाऊस लांबला, तर केवडा रोग कोवळ्या घडांवर पडतो. पिकत्या फळावर अवकाळी सर आली, तर मणी तडकतात. म्हणून छाटणीचा दिवस ठरविताना बागाईतदार आधी आभाळाकडे पाहतो.